नाव मिसमॅच म्हणे!

"नाव मिसमॅच दाखवतंय." हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, पाचही तालुक्यांतल्या कुठल्याही सेतू केंद्रात अर्धा तास उभे राहा, एवढं एक वाक्य ऐकल्याशिवाय बाहेर पडणार नाही. सांगणारा पोरगा वाईट नसतो. पडद्यावर लाल अक्षरांत जे उमटतं ते तो वाचून दाखवतो. ऐकणारा मात्र मान खाली घालून उठतो, जणू स्वतःच्या बापाचं नाव सांगताना त्यानं लबाडी केली. मग सुरू होते यात्रा: नोटरी, प्रतिज्ञापत्र, बँक, तहसील, पुन्हा सेतू. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही हे सरकारच सांगतं. तरी स्टॅम्पपेपर मागितला जातो आणि माणूस निमूट आणून देतो. त्यावर लिहायचं काय? तर "वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे." पन्नास-साठ वर्षं ज्या शिवारात राबला, त्या शिवारात आपण एकच माणूस आहोत हे त्यानं शपथेवर सांगायचं.

माझं पोट डेटाबेसच्या आराखड्यांवर चालतं. त्या अधिकारानं सांगतो: मिसमॅच त्या माणसाच्या कागदांत नाही. तो सरकारच्या आराखड्यात आहे आणि त्याचं बिल शेतकऱ्याच्या नावानं फाडलं जातंय.

मराठवाड्यातला एखादा जुना सातबारा काढून बघा. भोगवटादाराच्या रकान्यात मजकूर असतो तो असा: "दत्तराव पि. ग्यानोजी ए.कु.मॅ." किंवा "लक्ष्मीबाई भ्र. दत्तराव". किंवा एखाद्या पोराचं नाव आणि त्यापुढे "अ.पा.क." करून आईचं नाव. तलाठ्याला हे एका नजरेत कळायचं. पि. म्हणजे पिता, भ्र. म्हणजे भ्रतार, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एका ओळीत माणूस आहे, त्याचं नातं आहे आणि तो कोणत्या नात्यानं त्या जमिनीवर उभा आहे तेही आहे. कागदावर हे चालून जातं, कारण वाचणारा माणूस असतो. संगणकीकरण करताना मात्र ही अख्खी ओळ उचलून 'नाव' नावाच्या खोक्यात कोंबली. ए.कु.मॅ. हे आडनाव नव्हे, ती भूमिका आहे, हे कुणी सॉफ्टवेअरला सांगितलंच नाही. आता ते सॉफ्टवेअर ही ओळ आधारवरच्या "दत्ता ज्ञानोबा" शी अक्षराला अक्षर लावून बघतं आणि म्हणतं, हा वेगळा माणूस. चूक कोणाची? दत्तरावाची!

यावर उपाय नाही असं म्हणाल तर माझ्या धंद्यातलं कुणीही हसेल. माहितीतल्या वस्तू आणि त्यांची नाती आखून दाखवायची रीत पीटर चेन यांनी 1976 साली मांडली. 1990 च्या दशकात डेव्हिड हे, मार्टिन फाउलर, लेन सिल्व्हरस्टन या मंडळींनी पुढचं काम केलं. कारखाना असो, बँक असो की दवाखाना, आराखड्यातल्या अडचणी पुन्हा पुन्हा त्याच येतात, तर त्यांची उत्तरंही पुन्हा पुन्हा वापरता येतील अशी लिहून ठेवू, असं म्हणत त्यांनी जाडजूड पुस्तकं काढली. त्यांतलं पहिलं सूत्र पोरकट वाटावं इतकं सोपं आहे. व्यक्ती वेगळी, भूमिका वेगळी. डॉक्टर आजारी पडला तर तो रुग्ण होतो, म्हणून त्याला दुसरा जन्म घ्यावा लागत नाही. दुसरं सूत्र: नाव म्हणजे ओळख नव्हे, एका माणसाला चार नावं असू शकतात आणि चारही खरी असू शकतात. तिसरं: प्रत्येक नात्याला केव्हापासून आणि केव्हापर्यंत हे दोन रकाने हवेतच.

जमिनीसाठी तर वेगळं डोकं चालवायचीही गरज नव्हती. 2012 साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं जमीन प्रशासनाचा आराखडा प्रसिद्ध केला, आयएसओ 19152. त्याचा गाभा चार खोक्यांचा. एक, माणूस किंवा संस्था. दोन, तिचे हक्क, निर्बंध आणि जबाबदाऱ्या. तीन, हे हक्क ज्या एककाला चिकटतात ते एकक. चार, जमिनीवरचा प्रत्यक्ष तुकडा. आपल्या सातबाऱ्याला हे परकं आहे का? मुळीच नाही. भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन हा हक्काचाच भेद, इतर अधिकारातला बोजा हा निर्बंध, आठ-अ वरचं खातं हे एकक आणि गट नंबर हा तुकडा. आमच्या जुन्या महसुली कारकुनांना हे शहाणपण होतं, फक्त ते त्यांनी शाईनं लिहिलं. संगणक आणणाऱ्यांनी शाईची नक्कल केली आणि शहाणपण तेवढं मागे ठेवलं.

हिंगोलीकरांची दुसरी गंमत जिल्ह्याच्या जन्मातच आहे. 1 मे 1999 ला परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. म्हणजे त्याआधी इथे जन्मलेल्या, शाळेत गेलेल्या, जमीन घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या जुन्या कागदावर 'जि. परभणी' आहे आणि नव्यावर 'जि. हिंगोली'. माणूस हललेला नाही, घर हललेलं नाही, शेत तर हलूच शकत नाही. हललंय ते सरकार. जागेची ओळख कायम ठेवून तिच्या नावाला आणि ती कोणत्या जिल्ह्यात मोडते या नात्याला तारखा लावल्या असत्या, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. 2023 साली आमच्या विभागाच्या ठिकाणाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. नामांतराच्या बाजूनं आणि विरोधात घसे फोडणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं की नाव हीच ज्या यंत्रणांत चावी आहे, त्यांचं काय होणार?

आणि 'हिंगोली' म्हणजे तरी काय? 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातला सोळावा जिल्हा, 2011 च्या जनगणनेत क्रमांक 512. आरटीओला विचाराल तर एमएच 38. पंचायतराज मंत्रालयाच्या निर्देशिकेत आणखी वेगळा संकेतांक. हिंगोली लोकसभा म्हणाल तर त्यात यवतमाळचं उमरखेड आणि नांदेडचे किनवट, हदगाव हे मतदारसंघही आले. जिल्हा मध्यवर्ती बँक म्हणाल तर ती अजून परभणीचीच. वसमतची तर बातच नको: इंग्रजी सरकारी कागदांत बासमथ, भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीवर वसमत. या वेगवेगळ्या याद्या असण्यात गैर काही नाही, प्रत्येकीचं काम वेगळं. गैर हे की कोणत्या यादीतला कोणता हिंगोली दुसऱ्या यादीतल्या कोणत्या हिंगोलीशी जुळतो, पूर्ण जुळतो की अर्धा, हे लिहिलेली एक साधी, सगळ्यांना खुली सारणी प्रत्येक खात्याच्या टेबलावर नसते. प्रत्येक ठेकेदार आपापली करतो, काम संपलं की घेऊन जातो, आणि पुढचा पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा करतो. त्याचं बिल निघतं, हे वेगळं सांगायला नको.

अक्षरं जुळवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे. अर्थ जुळवणं अवघड, आणि तिथेच खरं पाणी मुरतं.

शेतकरी कोण? पीएम किसान म्हणते, 1 फेब्रुवारी 2019 रोजी ज्याच्या नावावर जमीन होती असं कुटुंब. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं. रेशन कार्ड म्हणतं, एका चुलीवर जेवणारे सगळे. पीकविम्याला बटईनं कसणाराही चालतो, पण नोंदणीकृत भाडेकरार दाखवला तर. आता मला सेनगावात असा एक मालक दाखवा जो बटईदाराला नोंदणीकृत करार करून देतो! सातबाऱ्याला बटईदार दिसतच नाही. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि त्याचा पायाही सातबाराच. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. जो नांगरतो, फवारतो, हळद काढताना ज्याचे हात सोलतात, तो कोण? त्याच्यासाठी खोकंच नाही. बाईचं तर विचारूच नका. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागेपर्यंत ती शेतातली 'इतर'.

या व्याख्यांचा सर्वांत क्रूर हिशेब शेतकऱ्यानं जीव दिल्यावर होतो. एक लाखाच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि शिक्का बसतो: पात्र किंवा अपात्र. जमीन त्याच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर होती का? कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? दुसऱ्याचं रान ठोक्यानं केलेला आणि बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेला माणूस मेल्यावरही शेतकरी ठरत नाही. हा काही सॉफ्टवेअरचा दोष नव्हे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. व्याख्या माणसांनीच केली. पण एकदा ती रकान्यात बसली की ती निसर्गनियम असल्यासारखी वागते, आणि टेबलामागचा साहेब हात वर करून म्हणतो, "सिस्टीम घेत नाही."

आमच्या हळदीचीही हीच कथा. हळद हे नऊ महिन्यांचं पीक, जूनमध्ये लावायची आणि फेब्रुवारी-मार्चात काढायची. खरिपात सुरू होते, रब्बी ओलांडते. खरीप विम्याच्या यादीत सोयाबीनला जागा आहे, हळदीला नाही. शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर ती शेतमाल राहते की मसाला होते, यावर 2021 साली महाराष्ट्रात जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे खल झाला. राष्ट्रीय हळद मंडळ 2025 च्या जानेवारीत सुरू झालं ते तेलंगणातल्या निजामाबादला, आणि तेही वाणिज्य मंत्रालयाखाली. एकच कंद, पण कृषी खात्याला तो एक दिसतो, कर खात्याला दुसरा, व्यापार खात्याला तिसरा. शेतकऱ्याला मात्र तो एकच दिसतो, कारण त्याला तो रानातून काढायचा असतो.

जगात यावर काम झालेलं नाही असं नाही. दोन वेगळ्या ज्ञानव्यवस्थांमधल्या संकल्पना एकमेकींशी कशा लावायच्या, ज्याला आम्ही ऑन्टॉलॉजी मॅचिंग म्हणतो, त्याच्या पद्धती तपासायला संशोधक 2004 पासून दरवर्षी स्पर्धा घेतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं 2009 साली संकल्पनांची नाती लिहायची साधी रीतही दिली: ही संकल्पना त्या संकल्पनेइतकीच, तिच्याहून व्यापक, तिच्याहून अरुंद, किंवा नुसती संबंधित. एवढे चार शब्द आपल्या योजनांमध्ये असते तरी पुरे होतं. "पीएम किसानचं कुटुंब हे रेशन कार्डाच्या कुटुंबापेक्षा अरुंद आहे." हे एक वाक्य सरकारी दप्तरात कुठेतरी लिहिलेलं असतं, तर दोन याद्या एकमेकींवर आदळून किती नावं उगाच गळाली नसती! त्याऐवजी आपल्याकडे दोनच उत्तरं आहेत, मॅच आणि मिसमॅच. 2017 च्या कर्जमाफीत बँकांच्या याद्या आणि शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज जुळेनात तेव्हा सगळा महाराष्ट्र हा तमाशा पाहून बसला. त्यातून काय शिकलो? आणखी पोर्टलं काढायला.

माझ्या जातभाईंनाही मोकळं सोडणार नाही. ज्यांना काही कळतं त्यांच्यातला एक गट असा आहे की त्याला सगळ्या देशाचा एकच महाआराखडा हवा. सगळी खाती, सगळ्या योजना, एकच टेबल, एकच सत्य. हे खूळ मॅच-मिसमॅचच्या खुळाइतकंच घातक आहे. तलाठ्याला जमीन जशी दिसते तशी ती विमा कंपनीला दिसायला नको, आणि तसं दिसायची गरजही नाही. वेगळेपण ठेवा, पण ते उघड लिहून ठेवा आणि त्यांच्यात पूल बांधा. महाआराखड्यात न बसणारा माणूस कुठे जातो हे हिंगोलीत विचारायला नको. तो सेतूच्या रांगेत जातो.

आणि बोगस लाभार्थ्यांचं काय, असा सवाल येईलच. असतात, नाकारत नाही. पण बोगस माणसाचे कागद कधी मिसमॅच होत नसतात. तो ते जुळवूनच आणतो. नावातल्या वेलांटीवर अडकतो तो खरा माणूस.

एक गोष्ट बरी झाली ती मान्य करतो. 2025 साली राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद सरकारनं स्वतःहून करायची, अशी. म्हणजे मनात आणलं तर जुळवणीचा भार महसूल खातं उचलू शकतं हे सिद्ध झालं. मग ए.कु.मॅ., अ.पा.क., पि., भ्र. ही सगळी अक्षरं नावातून काढून त्यांच्या योग्य रकान्यात का घालू नयेत? हे काम तहसीलमध्ये बसून होतं, त्यासाठी दत्तरावाला शपथ घालायची गरज नाही.

तोवर एक करा. तुमचा अर्ज "नाव जुळत नाही" म्हणून परत आला, तर तोंडी ऐकून परतू नका. लेखी मागा: कोणत्या दोन यंत्रणांतल्या कोणत्या दोन नोंदी जुळत नाहीत, त्यातली चुकीची कोणती, ती चूक कोणी केली आणि ती दुरुस्त करायचं काम कोणत्या अधिकाऱ्याचं आहे. पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तोच प्रश्न पुन्हा विचारा. आणि प्रतिज्ञापत्र मागितलंच, तर ते त्यांच्याकडून घ्या.