दूध आलं होतं का, एवढं तरी विचारा!

पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. एखाद्या घरातल्या बाईचं आयुष्य वाचेल.

नात्यातली एक मावशी. दुसऱ्या बाळंतपणात रक्त फार गेलं, बाटल्या चढवाव्या लागल्या. जीव वाचला, सगळ्यांनी देवापुढे नारळ फोडला. पण अंगावर दूध आलं नाही. बाळाला वरचं दूध सुरू केलं. पाळीही परत आली नाही. "बरं झालं, कटकट गेली" म्हणून तोही विषय संपला.

मग मावशी हळूहळू विझत गेली. भर मे महिन्यात अंगावर शाल. केस विरळ. उठावंसं वाटेना, कुणाशी बोलावंसं वाटेना. घरच्यांनी आधी 'आळशी' म्हटलं, मग 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून अंगारे-धुपारे झाले, शेवटी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉईड तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. अशी बारा वर्षं गेली.

एकदा साध्या तापात ती बेशुद्ध पडली. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने फाईल बाजूला ठेवून विचारलं, "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? दूध आलं होतं का?" बारा वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

आजाराचं नाव शीहन सिंड्रोम. हॅरोल्ड शीहन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका. गरोदरपणात ती मोठी होते, तिला रक्तही जास्त लागतं. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ग्रंथीचा भाग मरतो. मग दूध, पाळी, थायरॉईड, कॉर्टिसॉल, सगळ्यांना हुकूम देणारंच कुणी राहत नाही. थकवा, उदासी, कशातच रस नसणं, ही लक्षणं हुबेहूब डिप्रेशनसारखी दिसतात.

आणि खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे 'थायरॉईड बघितलं' म्हणजे बहुतेक वेळा फक्त टीएसएच. पण टीएसएच पिट्युटरीच बनवते! तीच बिघडली तर हा आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून अशा वेळी फ्री टी-फोर आणि सकाळचं कॉर्टिसॉलही बघावं लागतं. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी स्टेरॉईड, मग थायरॉईडची गोळी. क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकतं.

हे फक्त बाळंतिणींचं नाही. पिट्युटरीच्या गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढलं, म्हणजे कुशिंगचा आजार झाला, तरी डिप्रेशन येतं. पुरुषांनाही होतं. उदासीबरोबर सततची डोकेदुखी, बाजूचं कमी दिसणं, कामेच्छा जाणं असेल तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा.

गैरसमज नको. डिप्रेशन हा खरा आजार आहे. बहुतेक रुग्णांची पिट्युटरी ठणठणीत असते, प्रत्येकाला एमआरआय लागत नाही. आणि ही पोस्ट वाचून कुणी चालू गोळ्या परस्पर बंद करू नका!

माझं म्हणणं एवढंच. अतिरक्तस्राव झालेल्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर ते ठळक लिहा. आशाताई घरी येतात, तेव्हा वजन-लसीबरोबर दोन प्रश्न विचारू द्या: दूध आलं का? आणि अंगावर पाजणं बंद झाल्यावरही पाळी आली नाही का? आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणण्याआधी बाळंतपणाची हकीकत विचारावी. याला ना मशीन लागतं, ना निधी.

मावशी आज रोज गोळ्या घेते, बाजारात भाजीवाल्याशी भांडते, खळखळून हसते. पण तिचा मुलगा आता मिशी फुटण्याच्या वयाचा झालाय. त्याचं बालपण तिने शालीत गुरफटून, भिंतीकडे तोंड करून काढलं. ते कोण परत देणार?

तुमच्या घरात, गल्लीत अशी कुणी असेल तर आज विचारा.