लिपी एकट्याने, भाषा मात्र...

कुठलाही विषय शिक्षकाशिवाय शिकता येतो असं हल्ली सर्रास म्हणतात. माझं मत अर्धं हो, अर्धं नाही असं आहे.

आमच्या दुधनीत कानडी बोलायला कुणी शिकत नाही, ती कानावर असतेच. पण शाळा मराठी असली की ती नुसती जिभेवर राहते. वाचायची म्हटली की समोर गोल गोल नक्षी! ती लिपी मी एकट्यानेच शिकलो. अवघड नाही हो. वर्णमालेचा क्रम आपलाच. गुलबर्ग्याकडच्या (आता कलबुर्गी) गाडीत बसा. गाणगापूर रोडच्या पाटीवर तेच नाव कानडीतही असतं. 'ग' दोनदा येतो, म्हणजे दोनदा दिसणारं ते अक्षर 'ग'. शांपोलियोंनेही १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी उलगडताना टॉलेमी, क्लिओपात्रा अशा नावांचाच आधार घेतला होता. जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं, तिथे थोडे दिवस डोकं फिरतं इतकंच.

भाषेचं तसं नाही. पुण्यात वाढलेली माझी भाची देवनागरीतल्या पुस्तकावरून कानडी शिकते. त्यात 'बेळे' म्हणजे पीक आणि 'बेळे' म्हणजे डाळही! खरं तर पिकातला 'ए' ऱ्हस्व आणि डाळीतला दीर्घ. मराठीत हा भेद लिहायची सोयच नाही, मग पुस्तक तरी काय करणार? इथल्या आडतीवर एकदा चुकीचं बोललात की हमाल हसून सांगेल, आणि जन्मात विसरणार नाही. तो शिक्षक नाही, पण शिकवतो तोच.

द. रा. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी. पण ते कानडीचे मोठे कवी झाले, १९४४ ते १९५६ आपल्या सोलापुरात डी.ए.व्ही. कॉलेजात कानडीच शिकवत होते, आणि १९७३ चं ज्ञानपीठही मिळालं. प्रतिभा तर होतीच. पण धारवाडच्या गल्लीतले कानडी शेजारी वजा केले तर?

म्हणून मला घाई आहे. आजीची वचनांची एक वही घरात आहे. अक्षरं लागतात, पण तिने बोलत होती तसं लिहिलंय, कोशात सापडत नाही. तिच्या वयाच्या, तसं बोलणाऱ्या दोनच अव्वा आता गल्लीत उरल्यात. एकीला ऐकू कमी येतं. दुसरीकडे रोज संध्याकाळी दोन पानं मोठ्याने वाचतो. सतरा पानं झालीत. चाळीस राहिलीत.