अपुऱ्या दिवसांची जुळी आणि शीवची वेस

१/ मराठी घरांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. ही समजूत केवळ आपली नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही ती आढळते. आणि ती साफ चुकीची आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या आयुष्यात जमा होतो. जुळ्यांच्या घरी हा हिशेब हमखास करावा लागतो, कारण निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्माला येतात.

२/ अशी मुले जगतात ती कशामुळे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘काचेची पेटी’. १८८० च्या सुमारास पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी अंडी उबवण्याच्या यंत्रावरून ही पेटी घडवून घेतली. पुढे मार्टिन कूनी यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड जत्रेत १९०३ पासून चाळीस वर्षे पेट्यांतली जिवंत बाळे तिकीट लावून दाखवली आणि त्याच पैशांतून त्यांची शुश्रूषा केली. पेटीची कीर्ती झाली ती अशी. परंतु पेटी ऊब देते. अपक्व फुप्फुस किंवा अपक्व आतडे ती पिकवू शकत नाही.

३/ याचा दाखला १९६३ सालचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. देशातील उत्तमोत्तम वैद्यक हाताशी असूनही फुप्फुसांच्या अपक्वतेमुळे तो ३९ तासांत गेला. नऊ वर्षांनी, १९७२ साली, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिले की प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर सिद्ध होतात. इंजेक्शन स्वस्त आहे. अट एकच: ते जन्माच्या आधी, पुरेसा अवधी राखून मिळाले पाहिजे.

४/ ‘जगले’ आणि ‘धडधाकट जगले’ यांतले अंतरही इतिहासाने महागात शिकवले. १९४० आणि १९५० च्या दशकांत पेटीत सढळ हाताने सोडलेल्या प्राणवायूने जगभर हजारो बालकांची दृष्टी नेली. गायक स्टीव्ही वंडर त्याच काळातले. म्हणूनच आज अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नेत्रतपासणी जन्मानंतर महिन्याभरात होणे अत्यावश्यक मानले जाते. घरी सोडल्यानंतर ती राहून गेली, तर वाचवलेले मूल अंधत्वाकडे जाऊ शकते.

५/ या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजातांच्या कक्षाचे दार आयांसाठी उघडले, डब्याचे दूध दूर केले आणि १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपक्व आतड्याला डब्याचे दूध घातक ठरू शकते. मानवी दूध त्याचे रक्षण करते. जुळ्यांच्या आईला पहिल्या दिवसांत दोघांना पुरेल इतके दूध येतेच असे नाही. ती तूट भरून काढणे हे दुग्धपेढीचे काम.

६/ सुमारे त्याच काळात कोलंबियातील बोगोता शहरात, पेट्यांच्या टंचाईपायी, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत आकाराला आली. ती गरिबांची तडजोड नव्हे, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. भारतासह पाच देशांत, १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२०० हून अधिक बाळांवर झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच ही ऊब मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. जुळी असतील तर एक आईपाशी, दुसरे वडिलांपाशी किंवा आजीपाशी राहू शकते.

७/ गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजातांची देखभाल केली. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ३३.३ वरून १०.२ टक्क्यांवर उतरले. याचा अर्थ यंत्रे निरुपयोगी असा नव्हे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वसनयंत्र आणि तज्ज्ञ यांवाचून जवळजवळ तरणोपाय नसतो. पण त्याहून मोठ्या बाळांचे पुष्कळ मृत्यू ऊब, दूध, स्वच्छता आणि वेळेवर दिलेली औषधे यांनीच टळतात.

८/ आता मुंबईचा नकाशा पाहावा. ‘शीव’ म्हणजे सीमा. मुंबई बेट आणि साष्टी यांमधली वेस. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली महापालिकेत आले. शहराची हद्द उत्तरेकडे सरकली. केईएम, नायर आणि शीव ही महापालिकेची तिन्ही मोठी अध्यापन रुग्णालये मात्र वेशीच्या आत राहिली. उपनगरात महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते कूपर रुग्णालयात, २०१५ साली. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या होती ९३ लाखांवर, शहर जिल्ह्याची ३१ लाखांच्या आत.

९/ जुळ्यांच्या संदर्भात या इतिहासाला फार मोठी किंमत आहे. तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झालेल्या मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या स्त्रीपुढे दोन वाटा असतात. जवळच्या प्रसूतिगृहात बाळंत व्हायचे आणि मग दीड-दीड किलोची दोन बाळे द्रुतगती महामार्गाच्या कोंडीतून दोन खाटा शोधत न्यायची. किंवा प्रसूतीपूर्वीच योग्य रुग्णालय गाठायचे. आईच्या पोटाइतके सुरक्षित वाहन अद्याप कोणी बनवलेले नाही. दुसरी वाट उपलब्ध असणे हे मात्र नशिबावर सोडता येत नाही. ती आधी आखावी लागते.

१०/ म्हणून उपनगरांची मागणी केवळ ‘आणखी पेट्या द्या’ एवढीच असता कामा नये. जुळ्यांची वार एक की दोन, हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत नोंदवले जावे. एकच वार असेल तर जोखीम अधिक असते. प्रसूती कोठे होईल, हे सातव्या महिन्याआधी ठरावे. उपनगरी रुग्णालयांच्या नवजात कक्षात बाळाशेजारी आईचीही खाट असावी आणि दुग्धपेढीचे दूध तेथवर पोहोचावे. सुट्टी देताना नेत्रतपासणीची तारीख कागदावर लिहिलेली असावी.

११/ जागा नाही, गर्दीत संसर्ग वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर शहरातच आहे: धारावीच्या उशाशी असलेल्या, सदैव गजबजलेल्या शीवच्या रुग्णालयाने आईला आत घेतले आणि ते पेलून दाखवले. जे वेशीवर साधले, ते वेशीपलीकडे साधणार नाही असे मानण्यास कारण नाही. शहराची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत नेण्यास सात वर्षे पुरली. ही शुश्रूषा तेथवर न्यायला आणखी एक पिढी लागू नये.