हॉबिटला शिव्या घाला, पण नीट घाला

‘हॉबिट’ बेकार आहे असं म्हटलं की माणूस ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा खरा फॅन ठरतो. गेली दहा-बारा वर्षं हे ओळखपत्र चालू आहे. आमच्या गडचांदूरच्या पोरांच्या ग्रुपवरही चालतं. कुणी चुकून लिहिलं की ‘हॉबिट’चा दुसरा भाग आवडला, की लगेच खाली येतं, “काऊन बे, तू पुस्तक वाचलं का?” विचारणाऱ्याने स्वतः वाचलेलं नसतं ते सोडा.

आरोप सगळ्यांना पाठ आहेत. टोल्कीनचं १९३७ सालचं लहान मुलांसाठीचं एक छोटंसं पुस्तक, ते ताणून ताणून तीन सिनेमे केले. लेगोलास त्या पुस्तकात नाहीच, तरी आणला आणि पडणाऱ्या दगडांवरून पायऱ्या चढाव्यात तसा पळवला. टॉरिएल तर कुठल्याच पुस्तकात नाही, तीही आणली, वर बुटक्याबरोबर प्रेमप्रकरण. सेकंदाला ४८ फ्रेम्सनी शूट केल्यामुळे मिडल-अर्थ एखाद्या मालिकेच्या सेटसारखं दिसलं. अझोग प्लॅस्टिकचा वाटतो. यातले बहुतेक आरोप मला मान्य आहेत. ‘बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ मला अजून एका बैठकीत संपवता आलेला नाही.

तरीही माझं भांडण तुमच्याशी आहे. कारण राग खरा असला तरी तो पडद्यावरच थांबला. सिनेमा असा का झाला, हे फारसं कुणी विचारलंच नाही. आणि जिथे सगळ्यात जास्त रागवायला हवं होतं, तिथे फॅन मंडळी चक्क दुसऱ्या बाजूला उभी होती.

आधीची ट्रिलॉजी पवित्र कधी झाली?

आधी एक भ्रम काढून टाकू. २००१ ते २००३ मध्ये आलेले तीन सिनेमे म्हणजे धर्मग्रंथ, आणि २०१२ ते २०१४ चे तीन म्हणजे भ्रष्ट नक्कल, ही मांडणी नंतरची आहे. ‘फेलोशिप ऑफ द रिंग’ आला तेव्हा पुस्तकवाले असेच चिडले होते. टॉम बॉम्बाडिल गाळला म्हणून चिडले. जखमी फ्रोडोला नदीपार नेण्याचं काम पुस्तकात ग्लोरफिंडेलचा घोडा करतो, सिनेमात ते आर्वेनला दिलं, म्हणून चिडले. दुसऱ्या भागात फॅरामिरचा स्वभावच बदलला, म्हणून आणखी चिडले. खुद्द टोल्कीनचा मुलगा ख्रिस्तोफर यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की या लोकांनी पुस्तकाचं पोट फाडलं आणि पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांसाठी मारधाडीचा सिनेमा बनवला. हे ते ‘हॉबिट’बद्दल बोलत नव्हते. ज्या ‘रिटर्न ऑफ द किंग’ने ११ नामांकनांतून ११ ऑस्कर नेले, त्याच मालिकेबद्दल बोलत होते.

म्हणजे तुमचा ‘ओरिजिनल’ हा दुसऱ्या कुणाचा तरी ‘सत्यानाश’ होता. मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक, ही फूटपट्टी लावली तर दोन्ही ट्रिलॉजी नापास होतात. मग एक आपल्याला इतकी जवळची का वाटते आणि दुसरी पोकळ का वाटते? याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही. ते कामात सापडतं.

दगडखाण आणि रात्रपाळी

हेल्म्स डीपची लढाई आठवा. पाऊस, भाले, ती भिंत. तो किल्ला वेलिंग्टनजवळच्या एका दगडखाणीत उभा केला होता. नंतर त्याच खाणीत मिनास तिरिथही उभं राहिलं. लढाईचं शूटिंग कित्येक आठवडे रात्री चाललं, कृत्रिम पावसात भिजत. चिलखतांसाठी प्लॅस्टिकच्या बारीक कड्या माणसांनी हाताने एकात एक अडकवल्या. ऑर्क म्हणजे रबराचे मुखवटे चढवलेली, घामाने निथळणारी खरी माणसं होती. मुख्य शूटिंग ऑक्टोबर १९९९ ला सुरू झालं आणि डिसेंबर २००० ला संपलं. त्याआधी तयारीला काही वर्षं मिळाली होती.

मला हे सगळं समजायला वेळ लागत नाही, कारण मी खाणीच्या गावचा आहे. आमच्याकडे चुनखडीचा डोंगर फोडतात, भट्टीत भाजतात, सिमेंटच्या पोत्यात भरतात. ब्लास्टिंगची वेळ झाली की भांडी वाजतात. माझे बाबा कारखान्यात पॅकिंगला होते, रात्रपाळीहून आले की पापण्यांवर राख बसलेली असायची. हिंदी डबिंगमधला हेल्म्स डीप आम्ही टीव्हीवर पाहिला, तेव्हा बाबा म्हणाले होते, “ही भिंत बांधणाऱ्यानं काम चांगलं केलं.” ट्रिलॉजीवर मी ऐकलेली ही सगळ्यात चांगली समीक्षा आहे.

आता ‘हॉबिट’ घ्या. दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो होता. सिनेमा लांबत गेला आणि मे २०१० मध्ये तो सोडून गेला. पीटर जॅक्सनने गाडी चालू अवस्थेत स्टिअरिंग हातात घेतलं. तयारीचा वेळ परत मिळाला नाही. मार्च २०११ ला शूटिंग सुरू झालं. दोन सिनेमे ठरले होते, त्यांचे तीन होणार हे जुलै २०१२ मध्ये, मुख्य शूटिंग उरकल्यावर जाहीर झालं. अझोग आधी मेकअप केलेला माणूस होता, ऐनवेळी तो कॉम्प्युटरवर बनवला. शेवटच्या भागाच्या डीव्हीडीसोबत आलेल्या चित्रफितीत जॅक्सन स्वतःच सांगतो की पुरेशी तयारी नसताना शूटिंग करत होतो, पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. मोठ्या लढाईचं शूटिंग तर थांबवून पुढे ढकलावं लागलं. इयन मॅकेलनला बुटक्यांच्या फोटोंसमोर, हिरव्या पडद्याच्या खोलीत एकट्याने गँडाल्फ करावा लागला आणि त्या म्हाताऱ्या नटाला रडू कोसळलं.

तर तुम्ही ज्याला ‘सीजीआय बेकार’ म्हणता, ती वेळ न दिल्याची खूण आहे. भट्टीतून कच्चा माल बाहेर काढला तर सिमेंट धरत नाही, एवढं साधं. तुमची तक्रार मुळात कामाच्या परिस्थितीची आहे. ती तुम्ही लेगोलासच्या नावावर खपवता.

फॅन कुणाच्या मोर्चात होते?

आता मुख्य गोष्ट. ही पडद्यावर दिसत नाही.

पहिल्या ट्रिलॉजीसाठी मॉडेल बनवणारा एक कारागीर होता. कागदावर तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’. पण रोज ठरलेल्या वेळी येणं, साहेब सांगेल ते करणं, सगळं नोकरासारखं. तो कोर्टात गेला. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदावर काहीही लिहा, हा माणूस प्रत्यक्षात कर्मचारीच आहे. तुमच्या लाडक्या ट्रिलॉजीतून बाहेर पडलेली ही एक मोठी गोष्ट होती. हिला ऑस्कर मिळाला नाही.

मग आला ‘हॉबिट’. सप्टेंबर २०१० मध्ये कलाकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सदस्यांना सांगितलं की निर्माते युनियनशी किमान अटींवर बोलत नाहीत तोवर करार करू नका. मागणी चर्चेची होती. उत्तर आलं की मग सिनेमाच दुसऱ्या देशात नेतो. देशभर घबराट झाली. २५ ऑक्टोबरला वेगवेगळ्या शहरांत हजारो लोक सिनेमा वाचवण्यासाठी रस्त्यावर आले. युनियनच्या बाजूने बोलणाऱ्या कलाकारांना शिव्याशाप मिळाले. तो दिवस न्यूझीलंडचा कामगार दिन होता.

वॉर्नरचे अधिकारी विमानाने वेलिंग्टनला उतरले, पंतप्रधान जॉन की यांच्याशी बोलले. जादा करसवलत ठरली आणि त्याच आठवड्यात, तातडीच्या कामकाजात, कायदा बदलला. सिनेमावर काम करणारा माणूस यापुढे कंत्राटदारच समजला जाईल, करारात ‘कर्मचारी’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद. त्या कारागिराने पाच वर्षांपूर्वी जिंकलेली वाट बंद. लोक त्याला आजही ‘हॉबिट कायदा’ म्हणतात.

म्हणजे ट्रिलॉजीने दिलेली गोष्ट प्रीक्वेलने काढून घेतली. ट्रिलॉजी विरुद्ध प्रीक्वेल असं भांडायचंच असेल, तर हा मुद्दा सगळ्यात वर हवा. लेगोलासच्या उड्या मोजणारे व्हिडिओ चिक्कार, याच्यावर मात्र बोटावर मोजण्याइतके.

आमच्या गावात ‘कंत्राटी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माणूस तोच, मशीन तेच, ठेकेदार मात्र बदलतो. ठेकेदार बदलला की नवा गेटपास, आणि सर्व्हिस पुन्हा शून्यापासून. बाबांची बावीस वर्षं अशी चार वेळा शून्यावर आली. आपल्याकडे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, बारमाही कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार त्यात सरकारला दिलेला होता. अधिकार असणं आणि तो वापरणं यात केवढं अंतर असतं, ते गेटवर सकाळी सहाला उभं राहिल्यावर कळतं.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत

पहिलं उत्तर: “भाऊ, सिनेमा बघताना एवढा विचार कोण करतं?” तुम्ही करता. एका सेकंदात २४ फ्रेम्स की ४८, यावर तुम्ही रात्र-रात्र जागता. तलवारीचा आकार चुकला तर धागा लिहिता. विचार करायची ताकद भरपूर आहे, ती कुठे लावायची एवढाच प्रश्न आहे.

दुसरं उत्तर जरा वजनदार: “कायदा बदलला म्हणून काम देशात राहिलं, नाहीतर सगळेच बेकार झाले असते.” हे आम्हीही ऐकतो. युनियनचं नाव काढलं की कारखाना बंद पडेल. पण नंतर उघड झालेल्या ईमेलमध्ये जॅक्सननेच मंत्र्यांना कळवलेलं होतं की बहिष्काराचा आणि शूटिंग कुठे करायचं या निर्णयाचा संबंध नाही. हा ईमेल मोर्चाच्या आठवडाभर आधीचा होता. आणि काम टिकलं का? ‘रिंग्ज ऑफ पॉवर’चा पहिला सीझन तिथे झाला, करसवलतही मिळत होती. तरी २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने दुसरा सीझन ब्रिटनला नेल्याचं जाहीर केलं. हक्क सोडून दिल्याने कंपनी थांबत नाही. ती थांबते तिच्या हिशोबाने. शेवटी २०२२ मध्ये न्यूझीलंडने नवा कायदा करून या कंत्राटदारांना एकत्रितपणे वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. तोवर बारा वर्षं गेली होती.

तिसरं उत्तर: “फॅन म्हणजे प्रेक्षक, त्याची काय जबाबदारी?” मग २०२२ मध्ये ‘रिंग्ज ऑफ पॉवर’मध्ये काळे कलाकार दिसले तेव्हा जगभरच्या फॅन मंडळींनी जो धिंगाणा घातला, तो प्रेक्षक म्हणून होता का? त्या कलाकारांना इतका त्रास झाला की जुन्या ट्रिलॉजीतल्या फ्रोडो, सॅम, मेरी, पिप्पिनच्या नटांना जाहीर पाठिंबा द्यावा लागला. मिडल-अर्थमध्ये कुणी यावं यावर मत द्यायला तुम्ही पुढे असता. ते उभारणाऱ्याला पगार काय मिळतो यावर मात्र तुम्ही ‘फक्त प्रेक्षक’.

वडशाच्या मंडपातले फॅन

फॅन वेगळा असू शकतो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला आणि गडचिरोलीत झाडीपट्टीची नाटकं होतात. दिवाळी झाली की हंगाम सुरू, वडशाला कंपन्यांची ऑफिसं, गावोगाव शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. सिंदेवाहीकडच्या मामाच्या गावी मी ही नाटकं पाहिली आहेत. तिथला प्रेक्षक काही साधाभोळा नाही. गाणं पडलं की ओरडतो, आवडलं की वन्स मोअर घेतल्याशिवाय सोडत नाही, मागच्या वर्षीची नटी बरी होती असं तोंडावर सांगतो. पण त्याला हेही माहीत असतं की हार्मोनियमवाला कुठल्या गावचा, नटाला एका नाईटचे किती मिळतात, कोणत्या कंपनीने कुणाचे बुडवले. जो पैसे बुडवतो त्याच्याबद्दल गावात चर्चा होते आणि पुढच्या वर्षी त्याला बोलवायचं का, हे त्या चर्चेत ठरतं.

टीका आणि हिशोब तिथे एकाच तोंडातून येतात. मिडल-अर्थच्या फॅनला हे जमू नये असं काही नाही.

उलट ‘हॉबिट’ची गोष्ट त्यासाठीच तर आहे. डोंगरातून हाकलून दिलेली तेरा माणसं नकाशा आणि किल्ली घेऊन आपला डोंगर परत मागायला निघतात. दुसऱ्यांनी खणून काढलेल्या सोन्यावर एक ड्रॅगन झोपलेला असतो, त्याला त्यातलं नाणंही वापरायचं नसतं. आणि ड्रॅगन मेल्यावर त्या सोन्याने आपलाच राजा वेडा होतो. माणिकगडच्या पहाडाखाली राहणाऱ्या पोराला यात किती काय दिसतं, ते तुम्हाला टॉरिएलवर चिडण्यातून सवड मिळाली की सांगेन.

‘द हंट फॉर गॉलम’ डिसेंबर २०२७ मध्ये येणार असं जाहीर झालंय. दिग्दर्शन अँडी सर्किस करतोय, शूटिंगचा देश पुन्हा न्यूझीलंड. ट्रेलर येईल, तुम्ही एकेक फ्रेम थांबवून बघाल. बघा. गॉलमची कातडी बरोबर जमली का ते जरूर तपासा. पण त्याच बोटांनी एवढंही शोधा की व्हीएफएक्सवाल्यांना किती महिने दिले, ओव्हरटाइम मिळाला का, युनियनशी करार झाला का. नसेल झाला, तर शिव्या तिथून सुरू करा. लेगोलासचा नंबर नंतर लावता येईल.