माहितीची उधळपट्टी आणि आपली कार्यालये

ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहण्याचा उपदेश आपल्याकडे उदंड झाला आहे. बँका संदेश पाठवितात, पोलीस पत्रके काढतात. २०२५ च्या पूर्वार्धात तर फोन लावताच सावधगिरीची ध्वनिमुद्रित सूचना ऐकावी लागत असे आणि लोक तिला वैतागले होते. ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन लागतच नाही हे ध्यानात ठेवा, हे सारे योग्यच आहे. परंतु या उपदेशाचा रोख नेहमी फसवणुकीच्या अखेरच्या क्षणावर असतो. तोवर भामट्याच्या हाती जे भांडवल जमलेले असते ते कोठून आले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना अडचणीत टाकणारे आहे.

तथाकथित 'डिजिटल अटके'चे उदाहरण घ्यावे. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात'मधून सांगितले. तथापि सुशिक्षित माणसेही या जाळ्यात सापडली. याला कारण त्यांचा बावळटपणा नव्हे. पलीकडून बोलणाऱ्याला आपले पूर्ण नाव, पत्ता, आधार क्रमांकाचे शेवटचे अंक, मुलगी कोणत्या महाविद्यालयात शिकते हे ठाऊक असते, तेव्हा तो आवाज सरकारचाच वाटू लागतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर या धंद्यात एका फोनचा खर्च जवळजवळ शून्य असतो. हजारांत एक जण सापडला तरी नफा होतो. आणि खऱ्या माहितीचा प्रत्येक तुकडा हे पीक वाढविणारे खत ठरतो.

हे खत पुरविण्याचे काम आपण किती सहजपणे करीत असतो! ग्रंथालयाचे ओळखपत्र हवे, आणा आधारची झेरॉक्स. सहलीला जायचे, आणा झेरॉक्स. ती काढण्यासाठी विद्यार्थी आपली ई-आधारची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवितो आणि प्रत घेऊन निघून जातो. फाइल दुकानातच राहते. तिला परवलीचा शब्द असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष यांचा बनलेला, म्हणजे ओळख असलेल्या कोणालाही उघडता येईल असा. इकडे वर्गशिक्षक पालकांच्या गटावर साठ मुलांची यादी टाकतात : नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचा मोबाइल, बँक खाते. चुका असल्यास कळवाव्यात, अशी विनंतीही खाली असते. चूक एकाच्या नावात. उघडे पडतात साठ जण.

शिक्षकाला किंवा लिपिकाला दोष देऊन भागणार नाही. दुपारी चारपर्यंत माहिती द्या असा वरून आदेश येतो आणि हाताशी व्हॉट्सअ‍ॅपच असते. मुळातले दुखणे प्रोत्साहनाचे आहे. आगगाडीच्या इंजिनातून उडालेल्या ठिणग्यांनी शेजारचे रान जळते आणि त्याचा खर्च रेल्वेच्या हिशेबात धरला जात नाही, हे पिगू यांचे १९२० सालचे उदाहरण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवितो. माहितीच्या बाबतीत नेमके तेच घडते. अर्जात एक रकाना वाढविण्यास कार्यालयाला काही पडत नाही. नुकसान झाले तर ते वर्षा-दोन वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या खात्यात होते. मग रकाने वाढतच जातात, यात नवल ते काय?

शासनाची भूमिकाही या बाबतीत डळमळीत राहिली आहे. आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नये, त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसणारे झाकलेले आधार वापरावे, असे आवाहन प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी केले. गैरसमज होण्याचा संभव आहे म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले. पुढे २०२३ मध्ये जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांवरून सिलिकॉनचे ठसे बनवून, आधारशी जोडलेल्या खात्यांतून रकमा काढल्याची प्रकरणे काही राज्यांत उघडकीस आली. या पद्धतीत ओटीपी लागत नसल्यामुळे 'कोणाला सांगू नका' हा सल्ला तेथे निरुपयोगी होता. उपयोगी होते ते बोटांचे ठसे आधारच्या संकेतस्थळावर कुलूपबंद करून ठेवणे. ही सोय फुकट आहे. ती किती जणांनी वापरली, हे वाचकांनी आपल्याच घरात विचारून पाहावे.

व्यक्तीने करावयाच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. झाकलेले आधार द्यावे. प्रतीवर हेतू व तारीख आडवी लिहावी. दुकानातील फाइल आपल्यासमोर काढून टाकावयास लावावी, त्यात संकोच कसला? ईमेलचा परवलीचा शब्द स्वतंत्र ठेवावा व दुहेरी पडताळणी चालू करावी, कारण इतर बहुतेक कुलपांच्या किल्ल्या त्या पेटीतूनच नव्याने मिळतात. यूपीआयसाठी मोजकी शिल्लक असलेले वेगळे खाते पुरते. आणि पैसे गेलेच, तर लाजेखातर घरच्यांपासून न लपविता तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेला कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते; ती वाटेत गोठवता येते, पण फार काळ नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ग्राहकाचे दायित्व ठरविताना त्रयस्थाच्या त्रुटीमुळे रक्कम गेल्यास तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्याला पूर्ण संरक्षण दिले होते. स्वतःच पिन सांगितलेल्याला मात्र कळवेपर्यंतचे नुकसान सोसावे लागे.

कार्यालयांसाठी आता कायदा झाला आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा अधिनियम २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. सुरक्षिततेच्या उपायांत कसूर केल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. परंतु निव्वळ कागदावर राहिलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे कपाटातील झेरॉक्सचे गठ्ठे आहेत तेथेच आणि तसेच राहू शकतात.

म्हणून पुढील वर्षाचे प्रवेश अर्ज छापण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी व प्राचार्यांनी लिपिकासह बसून प्रत्येक रकान्यापुढे तो कशासाठी, हे लिहून काढावे. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही तो रकाना वगळावा. मुलांच्या याद्या गटावर टाकण्याऐवजी ज्याची त्याला नोंद दाखवून सही घ्यावी. वेळ लागेल, लागू द्यावा. आणि कपाटांतील जुन्या छायाप्रती रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी त्यांचा चुरा करावा. बहुतेक शाळांत या कामाला दिवाळीच्या सुट्टीतील दोन दिवस पुरतील.