दोन एडवर्ड

लंडनच्या एका ओंगळ गल्लीतील टॉम कँटी आणि इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड हे दिसावयास हुबेहूब सारखे. एके दिवशी दोघे गंमत म्हणून कपड्यांची अदलाबदल करतात आणि पहारेकरी खऱ्या राजपुत्रासच भिकारी समजून राजवाड्याबाहेर हाकलून देतात. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याच्या ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ (१८८१) या कादंबरीचा हा आरंभ. पुढे टॉम राजवाड्यात राजमुद्रेने कठीण कवचाची फळे फोडीत बसतो (हे वाचून हसू न येणारा विरळाच!) आणि एडवर्ड मात्र चिंध्या पांघरून प्रजेची दुःखे पाहत हिंडतो.

या भटकंतीत त्याला एक शेतकरी भेटतो. पोटासाठी भीक मागितली म्हणून याने फटके खाल्लेले. पुढे गुलाम म्हणून तो विकला गेला आणि तापल्या लोखंडाने त्याला डागण्यात आले. धन्याकडून पळालेला हा मनुष्य सापडला, तर त्याला फाशीच व्हावयाची. ते ऐकताच एडवर्ड गरजतो, की हा कायदा आजपासून संपला!

साऱ्या कादंबरीत याहून उदात्त प्रसंग नाही, आणि इतिहासाशी याहून विसंगत असाही नाही. कपड्यांची अदलाबदल कल्पित खरी. पण ती कोणास फसवीत नाही. कायद्याची गोष्ट निराळी. आठवा हेन्री २८ जानेवारी १५४७ रोजी वारला आणि नऊ वर्षांच्या एडवर्डास २० फेब्रुवारीस राज्याभिषेक झाला. भटक्यांना डागून गुलाम करण्याचा कायदा त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस, एडवर्डच्याच नावाने झाला! कारभार त्याचा मामा सॉमरसेट याच्या हाती होता. कायदा फारसा अमलात आला नाही व १५५० मध्ये रद्दही झाला, हे खरे.

ट्वेनने हा फेरफार लपविलेला नाही. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टिपेत त्याने तो सरळ कबूल केला असून, असला कायदा त्या दयाळू बालराजास सुचणे शक्यच नव्हते, असे म्हटले आहे. मुलांसाठी गोष्ट संक्षिप्त करताना मात्र अशा टिपा सहज गाळल्या जातात. ही काटछाट अन्यायाची आहे. टीप गेली, की या कायद्याचा दोष हेन्रीच्या माथी बसतो; आणि हेन्रीच्या खऱ्या क्रौर्याच्या कथा काय थोड्या आहेत? टीप वाचणाऱ्यास चिंध्यांतील एडवर्डामागे सिंहासनावरील एडवर्डही दिसतो. त्याच्या नावाने तो कायदा निघाला; आणि स्वतः कारभार हाती घेण्यापूर्वीच, १५५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी तो मरण पावला.