रोमचं दार कुणी लावलं?

आठवतंय? २०२३च्या सप्टेंबरमध्ये रील्सवर एकच प्रश्न फिरत होता, ‘तू रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा करतोस?’ मुली आपल्या मित्राला, भावाला, बाबांना विचारायच्या आणि ‘रोजच की’ असं उत्तर आलं की हसून लोटपोट व्हायच्या. विचार म्हणजे तरी काय, तर ग्लॅडिएटर, तलवारी आणि ज्युलियस सीझर. परीक्षेत ‘ऱ्हासाची कारणे लिहा’ आलं की आपण ठरलेलं वाक्य लिहून मोकळे होतो : रानटी टोळ्यांनी आक्रमण केलं आणि साम्राज्य कोसळलं. माझं म्हणणं असं की या वाक्यात अर्धीच गोष्ट आहे. या टोळ्या आल्या कशा आणि रोम त्यांच्याशी कसं वागलं, ही उरलेली अर्धी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

आधी रोम मोठं कसं झालं ते बघा. अथेन्सचे लोक अभिमानाने सांगायचे, आम्ही याच मातीतले. रोमन लोकांची दंतकथा बरोब्बर उलटी. त्यांचा मूळपुरुष एनिआस हा ट्रॉय जळाल्यावर जीव वाचवून आलेला निर्वासित. शहर वसवणाऱ्या रोम्युलसने माणसं जमवण्यासाठी पळून आलेल्या कुणालाही आसरा दिला म्हणे. दंतकथाच ती, पण रोमन लोकांना ती सांगायला लाज वाटत नव्हती, हे महत्त्वाचं.

प्रत्यक्षातही हा गुण त्यांच्यात होता. जिंकलेल्या शहरांना ते टप्प्याटप्प्याने हक्क द्यायचे आणि बदल्यात सैनिक घ्यायचे. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलामसुद्धा नागरिक व्हायचा. रोमचा शत्रू असलेला मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप यालाही या गोष्टीचं कौतुक होतं. लारिसा शहराला लिहिलेल्या पत्रात त्याने हे उदाहरण दिलंय. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत हॅनिबलने रोमचं सैन्य अक्षरशः कापून काढलं. दक्षिण इटलीतली काही शहरं फुटलीही, पण मध्य इटलीतली बहुतेक शहरं रोमला धरून राहिली. नवं सैन्य तिथूनच उभं राहिलं.

हे सगळं प्रेमाने चाललं होतं असं मात्र समजू नका. रोमने इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन्ही शहरं बेचिराख केली. लाखो माणसं गुलाम झाली. इटलीतल्या मित्रशहरांना पूर्ण नागरिकत्व हवं होतं, तर त्यासाठी इ.स.पू. ९१ मध्ये त्यांना शस्त्र उचलावं लागलं. दार उघडायचं, पण धक्के मारल्यावर. तरी उघडायचं!

इ.स. ४८ मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, सरदारांना सिनेटमध्ये घ्यायचं का, यावर वाद पेटला. ‘कालपर्यंत आपल्याशी लढलेले लोक आता आपल्या शेजारी बसणार?’ असा विरोधकांचा सूर. सम्राट क्लॉडियसने त्यांना रोमचाच इतिहास ऐकवला : आपले जुने राजेसुद्धा बाहेरून आलेले होते. ते भाषण कोरलेला कांस्यपट फ्रान्समधल्या लिऑनमध्ये सापडला. गंमत म्हणजे क्लॉडियसचा जन्मही तिथलाच. पुढे ज्याच्या काळात साम्राज्य सर्वांत मोठं झालं, तो ट्रेजन स्पेनमध्ये जन्मला. सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातला. त्याचा मुलगा कॅराकाला याने २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व देऊन टाकलं. त्यामागे करवसुलीचा हिशेब होता, असं तेव्हाचा इतिहासकार कॅसियस डिओ म्हणतो. असेलही.

आता या ‘रानटी टोळ्यां’कडे येऊ. ३७६ मध्ये गॉथ लोक डॅन्यूब नदीच्या काठावर येऊन थांबले. हूणांच्या भीतीने घरदार सोडून, बायकापोरांसह. त्यांनी सम्राट व्हॅलेन्सकडे रीतसर परवानगी मागितली आणि ती मिळालीही. व्हॅलेन्सला सैनिक हवे होते, त्यांना जमीन हवी होती. जुन्या रोमने हा सौदा सहज निभावला असता. पण सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी उपाशी माणसांत धंदा बघितला. अम्मिआनस हा रोमन इतिहासकार लिहितो की कुत्र्याच्या मांसाच्या बदल्यात गॉथांची मुलं गुलाम म्हणून घेतली गेली. मग बंड झालं. ३७८ मध्ये एड्रिआनोपलला त्याच निर्वासितांनी रोमन सैन्याचा मोठा भाग संपवला. व्हॅलेन्सही मारला गेला.

यातूनही रोम शिकलं नाही. अलारिक हा गॉथ नेता ३९४ मध्ये रोमन सम्राटाच्या बाजूने लढला होता. त्याला रोमच्या सैन्यात मोठं पद हवं होतं आणि आपल्या लोकांसाठी जमीन आणि धान्य. स्टिलिको हा सेनापती तर निम्मा रोमन, निम्मा व्हँडल. त्याने आयुष्य साम्राज्य सांभाळण्यात घालवलं. ४०८ मध्ये त्याला देशद्रोही ठरवून मारलं. पाठोपाठ इटलीतल्या शहरांमध्ये रोमच्याच सेवेत असलेल्या परक्या सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली. ते सैनिक कुठे गेले असतील? सरळ अलारिककडे. दोनच वर्षांनी, ४१० मध्ये, अलारिकने रोम लुटलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानेच साम्राज्य पडलं का? नाही. अलेक्झांडर डिमांट या जर्मन इतिहासकाराने ऱ्हासाची आजवर दिली गेलेली कारणं मोजली, ती २१० भरली! सततची यादवी होती, नाण्यातली चांदी घटत गेली होती, ४३९ मध्ये कार्थेज हातचं गेल्यावर आफ्रिकेतला महसूल आटला. ४७६ मध्ये पश्चिमेचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला, पण पूर्वेचं साम्राज्य १४५३ पर्यंत टिकलं. एका कारणात हे सगळं बसवता येत नाही.

पण संकटं आधीही आली होती. कॅनीनंतर रोम उभं राहिलं, कारण ‘आपली’ म्हणवणारी माणसं त्याच्याकडे होती. ४०८ मध्ये अशी माणसं दाराशी होती, घरातही होती. त्यांना रोमने स्वतःच परकं करून टाकलं.

कॉलेजच्या ग्रुपमध्ये, होस्टेलच्या रूमवर ‘हा आपल्यातला नाही’ असं आपण किती सहज बोलून जातो ना? ते बोलणाऱ्याला आपण मजबूत झाल्यासारखं वाटतं. ४०८ मधल्या रोमन लोकांनाही तसंच वाटलं असणार. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, रोमचा विचार करतोस का, तर ग्लॅडिएटर जरा बाजूला ठेवा. डॅन्यूबच्या काठावर परवानगीची वाट बघत थांबलेली ती उपाशी माणसं आठवा. आणि पेपरात ते दहा मार्कांचं उत्तर लिहाल, तेव्हा त्यांच्यासाठीही दोन ओळी ठेवा.